गावचा कोट, वस्तीचा कोट

तुमच्या घरी भिंतीवर, हार घातलेल्या चौकटीत, काळ्या कोटातला जो माणूस आहे, त्याच्या अंगात चढण्याआधी तो कोट कुणाच्या अंगातून उतरला होता, हे तुम्ही कधी विचारलंय का?

विचारलं नसणार. मळवली स्टेशनकडून भाजे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या खोलीत ज्यांनी ज्यांनी फोटो काढून घेतला, त्या सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. ते उत्तर खोटं होतं. ते खोटं रचणारा माणूस गेल्या आठवड्यात गेला. माझं त्याच्याशी भांडण अर्धं राहिलंय. ते मी इथे पुरं करणार आहे. वाचकांनी ते शेवटपर्यंत ऐकावं, कारण शेवटी मला त्यांच्याकडेच काही मागायचं आहे.

आबा, तुम्हाला नेलं तेव्हा पाऊस उघडला होता आणि ऊन नेमकं समोरून येत होतं. ज्याला त्याला तुमचा शेवटचा फोटो हवा होता. तिरडीभोवती नुसते हात आणि हातांत मोबाइल. सगळे सूर्याकडे तोंड करून उभे. संध्याकाळपर्यंत ते फोटो गावच्या आणि वस्तीच्या, दोन्ही ग्रुपवर फिरले. एकातही तुमचा चेहरा नाही. झेंडूची फुलं दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक काळा डाग. तुम्ही उभे असतात तर म्हणाला असतात, "आरं येड्यांनो, त्या अंगाला जावा की." तेवढं सांगणारं कुणी उरलं नाही.

तुम्हाला तरी कुणी काय सांगितलं होतं? पाहुण्यांचं सामान लेण्यांपर्यंत डोक्यावरून वाहून नेणारे तुम्ही. एका पाहुण्याने बिघडला म्हणून दिलेला कॅमेरा तुम्ही घरी आणून खोलला, जोडला, परत खोलला. इंग्रजी येत नव्हतं. फिल्मच्या डब्यात घडी घातलेला एक कागद असायचा, त्यावर चित्रं होती. पूर्ण सूर्य, ढगामागचा सूर्य, नुसता ढग. प्रत्येक चित्राखाली आकडे. त्या चित्रांवरून तुम्ही धंदा शिकलात. त्या कागदावर आपल्याकडचं धुकं नव्हतं. चार महिने ज्या गावाला सावलीच नसते, तिथे फोटो कसा काढायचा, हे तुम्ही फिल्म नासवत नासवत बसवलंत.

माझे बाबाही कागदच आणायचे. जयंतीच्या प्रत्येक स्टॉलवरून पुस्तिका, मोर्चाची पत्रकं, ठरावांच्या प्रती. मला बाराखडी त्यांच्या मुखपृष्ठांवरून आली. त्यावरून तुम्ही चिडवायचात, "तू बापाच्या कागदावर शिकलीस, मी डब्यातल्या कागदावर. फरक यवढाच, माझा कागद भाषान करत न्हाई." आमच्या मोर्चाचे फोटो काढायला तुम्ही न बोलावता यायचात आणि प्रत्येक फोटोत माझं तोंड उघडं. "मिटलेलं घावंतच न्हाई," म्हणायचात.

आपलं पहिलं भांडण माझ्या आज्यावरून झालं. आजा रेल्वेत गँगमन होता. उभा जन्म रुळांवर, ग्रीसचे डाग पडलेल्या निळ्या शर्टात गेला. त्याचा एकच फोटो आहे, आणि त्यात तो वकिलासारखा काळा कोट घालून बसलाय. कॉलेजात जायला लागल्यावर मला त्या फोटोचा राग यायला लागला. मी तुम्हाला विचारलं, "आबा, माझा आजा कोट घालून रूळ ठोकायचा का? तुम्ही त्याला सोंग दिलंत."

"त्यानंच मागितला," तुम्ही म्हणालात. "म्हनला, नातवंडं म्हनतील आमच्या आज्याला कोट व्हता. आता तू म्हन की."

"श्रमाची लाज कशाला वाटावी?"

"लाज न्हाई गं. हौस. तुझ्या पत्रकात हौस ह्यो शब्द हाय का कुटं?"

नव्हता. घरी जाऊन मी शोधला होता, आबा. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

जे आहे तसं दाखवणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. रुळांवर कुणी गेलं, पाण्यात कुणी बुडालं, की चौकीतून निरोप तुम्हालाच. एकदा मी वाटेत होते, म्हणून तुमच्यासोबत आले. पुण्याकडचा कुणी मुलगा, सहलीला आलेला. पाण्यातून काढून दगडांवर ठेवला होता. हवालदार म्हणाला, "जसं हाय तसं काढा आबा, कागदाला लावायचंय." तुम्ही जसं होतं तसं काढलंत. मग कॅमेरा गळ्यात मागे टाकलात, वाकलात, त्याच्या शर्टाची बटणं लावलीत, कपाळावरचे केस बाजूला केलेत आणि आणखी एक फोटो घेतलात.

"हा कशाला?" हवालदाराने विचारलं.

"त्याच्या आयसाठी," तुम्ही म्हणालात.

तो फोटो न्यायला त्याची आई आली का, हे मी नंतर विचारलं नाही. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, एवढं मावशीने सांगितलं. तुमच्या बायकोला सगळं गाव मावशीच म्हणतं, मीही.

आता कोटाकडे येते. ज्यांना आपलं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाव म्हणजे देवळाभोवतीची शेतकऱ्यांची घरं. वस्ती म्हणजे ओढ्याच्या अलीकडची आमची, बौद्धांची घरं. तुम्ही वस्तीतले. आणि तुमच्या स्टुडिओत दोन कोट आहेत, हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही माहीत होतं. पडद्यामागे पत्र्याची पेटी. वरच्या खणात गावचा कोट, खालच्या खणात वस्तीचा कोट. गिऱ्हाईक बसलं की तुम्ही पडद्यामागे जाणार, पेटीचं झाकण वाजणार, आणि खांद्यावरची नसलेली धूळ रुमालाने झटकत तुम्ही ज्याचा त्याचा कोट घेऊन येणार. लोक तसंच बोलायचे. "गावच्या कोटातला फोटो हाय." एकदा तर एक गृहस्थ आरशात बघून म्हणाले होते, "आपला कोट कसा अंगावर बसतो बघा. त्यांचा बसला नसता."

लोणावळ्याच्या एका हॉटेलातल्या नोकरीच्या अर्जाला मला कोटातला फोटो हवा होता. माझ्या आधी तात्यांचा पुतण्या बसला होता. तात्या म्हणजे स्टुडिओशेजारच्या चिक्कीच्या दुकानाचे मालक, देवळाच्या कमिटीतले, तुमचे रोजचे चहाचे सोबती. पुतण्या केस विंचरत बाहेर पडला. मी स्टुलावर बसले. तुम्ही पडद्यामागे गेलात, झाकण वाजलं, तुम्ही कोट आणलात. मी बाहीत हात घातला.

कोट गरम होता.

कॉलरला त्या पोराच्या केसांच्या तेलाचा वास होता.

"आबा, हा तर आत्ता..."

"हनुवटी वर," तुम्ही म्हणालात. "बोलू नगंस. हलतीस."

त्या फोटोत माझा चेहरा असा आलाय की हॉटेलवाल्यांनी मला बोलावलंच नाही. त्यात त्यांची चूक नाही.

मग शटर अर्धं ओढून तुम्ही सांगितलंत. धंदा नवा असताना गावातलं एक बडं माणूस आलं. कोट हातात घेतला आणि थांबलं. "ह्यो सगळ्यांनाच घालतोस व्हय रं?" तुम्ही म्हणालात, "छ्या, ह्यो न्हाई. गावचा येगळा हाय, आनतो." पडद्यामागे गेलात. तिथे दुसरा कोट होताच कुठे? तोच झटकलात आणि तोच आणलात.

"तवापसनं दोन कोट झाले," तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघं इतके हसलो की तुम्हाला खोकला लागला.

हसू घरी जाईपर्यंत टिकलं. नंतर राग आला. दुसऱ्या दिवशी मी तुमच्यासमोर उभी होते.

मी म्हणाले, तुमची बोटं त्यांच्या हनुवटीला चालतात, कारण त्याशिवाय फोटो निघत नाही. कोट चालत नाही. आणि हे त्यांना तोंडावर सांगायचं सोडून तुम्ही त्यांचा मान राखलात. ज्याने विचारलं त्याला वाटलं, माझं विचारणं बरोबरच होतं, बघा, वेगळा आहे. पुढे कुणी विचारलंही नाही, तरी तुम्ही पेटी वाजवत राहिलात. त्यांचा विटाळ तुम्ही सांभाळलात, आबा.

"अंगाला लागला का न्हाई?" तुम्ही म्हणालात. "एका मानसाचा घाम दुसऱ्याच्या पाठीला लागला. आक्ख्या तालुक्याच्या. तुझ्या भाषनानं किती जनांच्या लागला?"

"लागला, पण त्यांना कळला नाही. न कळलेली समता काय कामाची?"

"कळली असती तर लागली नसती."

मी दुसरीकडे वळले. मी म्हणाले, "आणि आपली माणसं? वस्तीतल्या म्हाताऱ्या पेटीचं झाकण ऐकायच्या तेव्हा त्यांना काय वाटत असेल? खालच्या खणातला. तुम्ही त्यांच्या अंगावर मायेने चढवलात, तोही खालच्या खणातला म्हणून."

पडद्याची कडी निसटली होती, ती तुम्ही बसवत राहिलात. ते बोलणं तुम्हाला लागलं होतं. ते खरं होतं, म्हणून मी मागे घेतलं नाही. आजही घेत नाही.

मी विचारलं, "हे लिहू का?"

"म्या हाय तवर नगं. धंद्यावर दोन पोटं हायती."

"आणि नंतर?"

कडी बसली होती. तरीही तुम्ही तिच्याशीच खेळत राहिलात.

मग धंदाही गेला. सुट्टीच्या दिवशी भाजे लेण्यांच्या पायथ्याशी तुम्ही कॅमेरा घेऊन उभे राहायचात आणि पोरं तुमच्या हातात त्यांचा मोबाइल द्यायची, "काका, आमचा एक काढा ना." तुम्ही काढायचात. उजेड बघून, त्यांना दोन पावलं सरकवून, नीट काढायचात. ती न बघताच पुढे जायची. कुसगावच्या हॉटेलांतली लग्नं पुण्याच्या माणसांकडे गेली. ड्रोन उडायला लागले. तुमच्याकडे उरले फक्त मेलेले. जुना फोटो मोठा करून द्या, चौकट करून द्या, तेराव्याला पाहिजे.

आणि छाती. खोलीत, बंद दाराआड, रसायनांच्या वाफेत तुम्ही जी वर्षं काढलीत, त्यांनी ती खाल्ली, असं मला वाटतं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं नाही. ते कधीच लिहून देत नाहीत. तळेगावच्या दवाखान्यात मी भांडण तयार करून आले होते. तुमच्या तोंडावर मास्क होता. मास्कमधल्या माणसाशी भांडता येत नाही. तुम्ही हात हलवत होता. मला वाटलं पाणी हवंय. तुम्हाला खिडकीचा पडदा हवा होता, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून. मी पडदा ओढला. तुमच्याशी झालेला माझा शेवटचा व्यवहार तो.

यानंतरचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

तुमच्या शोकसभा दोन ठरल्या आहेत. एक गावात, देवळाच्या सभामंडपात. एक वस्तीत, विहारात. दोन्ही येत्या रविवारी. दोन्ही फ्लेक्सवर तुमचा तोच फोटो आहे, दोन्हीकडे तुम्ही "आमचे" आहात. परवा दुपारी मी मावशीजवळ बसले होते तेव्हा तात्या आले. डोळे सुजलेले होते त्यांचे. ते खरे रडले होते, हे मला नाकारायचं नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मावशी, सभेत आबाच्या फोटोशेजारी गावचा कोट ठेवावा म्हन्तो. माझ्या बापाचा फोटो त्याच कोटात हाय. तेवडी आठवन."

मावशी काही बोलायच्या आत माझे बाबा दारात आले. तेही विहाराच्या कमिटीकडून आले होते. तात्यांना बघून जरा थांबले, मग म्हणाले, "मावशी, वस्तीचा कोट आम्हाला द्या. आबांनी आपल्यासाठी आपला स्वतःचा कोट ठेवला होता, हे पोरांना दाखवायचंय."

मावशी उठली. पेटी पडद्यामागून घरात आणली होती. झाकण उघडून तिने कोट काढला आणि जमिनीवर दोघांच्या मध्ये ठेवला. पेटी आडवी करून दाखवली. खण एकच होता. आत फक्त डांबराच्या गोळ्या.

"दुसरा?" तात्या म्हणाले.

"न्हाई. कदीच नव्हता."

तात्यांनी कोटाकडे बघितलं. "म्हंजे आमच्या बापाच्या अंगात..."

"व्हय," मावशी म्हणाली. "आन तुमच्या बापानं उतरवला की हिच्या आज्याच्या अंगात. गँगमननं तक्रार केली न्हाई. तुमी कशाला करताय?"

बाबांचा चेहरा बघून मला जास्त दुखलं. ज्या माणसाने मला सगळी पत्रकं वाचून दाखवली, त्याला आपला वेगळा कोट असल्याचा अभिमान होता. ते हळूच म्हणाले, "आबांनी आपल्यालाही फसवलं म्हणायचं." त्यांनी कोटाला हात लावला नाही. तात्यांनीही नाही.

मग तात्या सावरले. माणूस व्यवहारी आहे, आणि वाईट तर मुळीच नाही. म्हणाले, "मावशी, आता झालं ते झालं. लोणावळ्यात माझा टेलर हाय. रविवारपत्तुर असाच दुसरा शिवून घेऊ. दोन सभा, दोन कोट. कुनाला कळतंय?"

आणि आबा, बाबा नाही म्हणाले नाहीत. ते जमिनीकडे बघत राहिले.

तुम्ही आयुष्यभर जे खोटं बोललात, ते तुम्ही गेल्यावर पंधरवड्याच्या आत खरं होणार होतं. तुमच्या पेटीत जो दुसरा कोट कधीच नव्हता, तो तात्यांचा टेलर शिवणार होता, आणि पुढच्या पिढीला तो पुरावा म्हणून दाखवला जाणार होता. मला तुमचं तेव्हाचं बोलणं आठवलं, कळली असती तर लागली नसती. आता कळली होती. आणि कळल्याबरोबर दोन समजूतदार माणसं एका शिंप्यावर एकमत होत होती. तुमचं म्हणणं इतकं बरोबर ठरावं असं मला वाटत नव्हतं.

"मला कळतंय," मावशी म्हणाली.

"काय, मावशी?"

"तुमी म्हनला, कुनाला कळतंय. मला कळतंय. माझा एक नवरा मेलाय. दोन सभा करा, चार करा. कोट शिवायचा न्हाई."

बाबा म्हणाले, "मग सभा एकत्र घ्यायची तर विहारात या." तात्या म्हणाले, "गावाची सभा सभामंडपातच व्हते." बाबा म्हणाले, "आम्ही देवळात यायचं नाही, आणि का नाही ते तुम्हाला ठाऊक आहे." ते बरोबर आहेत. मीही जाणार नाही. दोघं एकाच दारातून बाहेर पडले आणि दोन दिशांना गेले. कोट जमिनीवरच होता.

मावशीने तो उचलला आणि मला विचारलं, "ते तुला न्हाई म्हनले व्हते का, लिहायला?"

"ते असेपर्यंत नको म्हणाले होते. नंतरचं बोललेच नाहीत."

"मग मी बोलते. लिही."

म्हणून लिहिते आहे. तुमची परवानगी नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही चूक होता असं मी अजून म्हणते. पहिल्या दिवशी त्या बड्या माणसाला तुम्ही खरं सांगितलं असतंत, तर स्टुडिओ त्याच महिन्यात बंद पडला असता, आणि माझ्या आज्याचा एकही फोटो जगात नसता. हेही मी म्हणते. ही दोन वाक्यं एकमेकांना खातात. मी त्यांच्यातून वाट काढू शकलेले नाही, आणि ज्याच्याशी भांडून ती निघाली असती तो माणूस नाही. तुम्ही मला आजा दिलात. त्याचे उपकार मानते आणि तरीही भांडते. दोन्ही करायला तुम्हीच शिकवलंत.

आता वाचकांना सांगते.

रविवारी सकाळी सभामंडपात जाऊ नका. विहारातही जाऊ नका. आबांच्या स्टुडिओच्या बंद शटरसमोर, रस्त्यावर, मावशी सतरंजी टाकून बसणार आहे. मी तिच्या शेजारी असेन. स्टेज नाही, माइक नाही, फ्लेक्स नाही. तिथे या.

येण्याआधी एक करा. कठीण आहे म्हणूनच मागते. आज घरी, तुमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याला सांगा की कोट एकच होता. गावातले असाल तरी सांगा, वस्तीतले असाल तरी सांगा. त्याला हसू येईल, किंवा तो गप्प होईल, किंवा तुम्हाला घराबाहेर हो म्हणेल. काहीही झालं तरी रविवारी त्यालाही घेऊन या.